नव्या ऑफिसात माणसं रुळत नसतील तर आधी काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ७० जणांचं ऑफिस. १२ वर्षं कर्वे रस्त्यावर होतं, सहा आठवड्यांपूर्वी खराडीला हललं. जागा जवळपास दुप्पट, इमारत नवी, फर्निचर नवं, तरी रोज कुरकुर चालू आहे. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला एसी सोसत नाही, कुणाला जेवायला वेळ पुरत नाही, आणि दोघांनी राजीनामे दिलेत. मालक म्हणतात, ‘एवढा खर्च केला, आता यांना आणखी काय हवंय?’ एचआर आणि ॲडमिन दोन्ही तुमच्याकडे, त्यामुळे ओढाताण तुमची. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सगळ्यांना एखाद्या रिसॉर्टला नेऊन आणावं का, आठवड्यातून दोन दिवस घरून काम द्यावं का, आणि हे सगळं किती दिवसांत निवळतं.

मी वीसेक वर्षं पुण्यात फॅसिलिटीचं काम करते. ऑफिसं हलवणं आणि हलवल्यावर ती मार्गी लावणं हा त्यातला मोठा भाग. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला असं दिसतं की तुमच्या लोकांच्या दिवसाची घडी मोडली आहे आणि ती परत कशी बसवायची, हे त्यांच्याशी कुणी बोललेलं नाही. १२ वर्षांत प्रत्येकाने आपापली सोय लावून घेतलेली असते. मुलाला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून निघालं की साडेनऊला टेबलावर. दुपारी पाच मिनिटांत बँकेत जाऊन येता येतं. संध्याकाळी नळस्टॉपला भाजी घेऊन सातच्या आत घरी. ही सोय कुठल्या कागदावर नसते, म्हणून शिफ्टिंगच्या यादीत ती येत नाही. टेबलं येतात, सर्व्हर येतो, कपाटं येतात. मालकांना टेबल-कपाटांचा खर्च दिसतो, लोकांना सोय गेल्याचं बोचतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, त्यामुळे बोलणं पुढे सरकत नाही.

आता यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची माणसं राहतात कुठे, ग्राहकांच्या वेळा किती सांभाळाव्या लागतात, एसी तुमच्या हातात आहे की बिल्डिंगच्या, भाडेकरारात फेरफार करायला किती मुभा आहे, हे मला माहीत नाही. त्यामुळे मी माझा क्रम सांगते. त्यातलं लागू पडेल ते घ्या.

पहिलं काम, तक्रारींची वर्गवारी. ‘नवीन ऑफिस चांगलं नाही’ या एका वाक्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: प्रवास, शरीराला होणारा त्रास, आणि कामातली मोडलेली शेजारसंगत. तिन्हींचे उपाय वेगळे, खर्च वेगळा, लागणारा वेळ वेगळा. एकत्र धरलंत तर तुम्ही प्रवासाने दमलेल्या माणसाला चांगली खुर्ची द्याल आणि तो दोन महिन्यांनी तरीही जाईल.

ऑनलाइन फॉर्म पाठवू नका. फॉर्मवर लोक एकतर ‘ठीक आहे’ लिहितात नाहीतर सगळा राग ओततात. एकेकाला दहा मिनिटं बसवा आणि दोनच प्रश्न विचारा: ‘घरातून किती वाजता निघता?’ आणि ‘परत घरात किती वाजता पाऊल टाकता?’ पंचिंगच्या वेळा यासाठी उपयोगाच्या नाहीत. घराचं दार ते घराचं दार, एवढंच लिहून घ्या. मग शेजारी तीन रकाने: राहण्याचा भाग, वाहन, आणि दिवसाच्या दोन टोकांना काय आहे. कुणाची शाळा असते, कुणाचे आजारी वडील, कुणाची दौंडची किंवा लोणावळ्याची लोकल. ७० जणांना एक आठवडा लागेल. माझ्या अनुभवात या एका यादीने जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानेच कळत नाही. निम्म्या लोकांना इतकं विचारल्यानंच थोडं हलकं वाटतं.

यादी हातात आली की ती भागांप्रमाणे लावा. तुमचं जुनं ऑफिस कर्वे रस्त्यावर, म्हणजे कोथरूड, वारजे, कर्वेनगर, सिंहगड रस्ता इकडचीच माणसं जास्त असणार. त्यांना आता अख्खं शहर आडवं कापून जायचंय. कोथरूड डेपोपासून खराडीच्या आयटी पार्कपर्यंत जवळपास वीस किलोमीटर, आणि येरवड्यातल्या शास्त्रीनगर चौकापासून पुढे नगर रस्ता कसा असतो हे वेगळं सांगायला नको. दुचाकीवर हे दोन्ही वेळा, पावसाळ्यात, खड्ड्यांतून करणारा माणूस सकाळी साडेदहाला टेबलावर बसतो तेव्हा त्याची निम्मी ताकद खर्च झालेली असते. उलट हडपसर, वाघोली, वडगाव शेरीची मंडळी या बदलाने खूश असतात, पण ती गप्प राहतात, कारण बाकीच्यांसमोर आनंद दाखवणं बरं दिसत नाही. यादीत तीही येऊ द्या. मालकांशी बोलताना दोन्ही बाजू हातात हव्यात.

इथे मेट्रोचा विचार नीट करायला हवा. वनाज ते रामवाडी हा मार्ग ६ मार्च २०२४ ला पूर्ण सुरू झाला. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे कोथरूडवाला वनाज, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीला चढून थेट रामवाडीला उतरू शकतो. धनकवडी, बिबवेवाडीकडचा माणूस स्वारगेटला आणि पिंपरी-चिंचवडचा त्याच्या बाजूने चढून सिव्हिल कोर्टला गाडी बदलू शकतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक मेट्रोने येत नाहीत. अडतं ते रामवाडीपासून पुढच्या पाच-सहा किलोमीटरवर. तिथे रिक्षा मिळेल का, किती मागेल, बस कधी येईल, याचा रोज भरवसा नसतो. आणि भरवसा नसला की माणूस गाडी काढतो.

म्हणून कंपनीची बस कोथरूडहून सुरू करण्याआधी रामवाडी ते ऑफिस अशी शटल लावून बघा. कोथरूडची बस त्याच कोंडीत अडकते, डिझेल जास्त जाळते आणि एक बस चुकली की अख्खी सकाळ जाते. मेट्रो कोंडीच्या वरून जाते. शटलला सतरा आसनांची एक टेम्पो ट्रॅव्हलर पुरते, ती सकाळी दोन-तीन फेऱ्या मारू शकते. फक्त दोन गोष्टी पाळा. वेळा ठरलेल्या असू द्या, ‘भरली की सुटेल’ असं अजिबात नको. आणि संध्याकाळच्या फेऱ्या सकाळपेक्षा जास्त ठेवा. सकाळी सगळे एकाच वेळेला येतात, संध्याकाळी मात्र कुणाची मीटिंग लांबते, कुणाला लवकर निघायचं असतं. ज्याला संध्याकाळचा भरवसा नसतो तो सकाळीही शटलने येत नाही. घराजवळच्या मेट्रो स्टेशनपाशी दुचाकी लावायला जागा मिळते का, हे प्रत्येक स्टेशनचं वेगळं आहे. ते ज्याचं त्याने एकदा जाऊन बघितलेलं बरं.

वेळांची सवलत ही दुसरी गोष्ट, आणि तिला पैसे लागत नाहीत. अकरा ते चार सगळे हजर, बाकी तास ज्याने त्याने आठला येऊन किंवा अकराला येऊन भरायचे, असं करता येत असेल तर नगर रस्त्यावरची दोन्ही वेळची गर्दी लोक चुकवू शकतात. आठला येणारा माणूस पाचला निघतो आणि त्याची मुलं जागी असताना घरी पोचतो. उत्पादनाशी किंवा परदेशी ग्राहकाशी बांधलेल्या कामात हे सगळ्यांना देता येणार नाही. तिथे खरं ते सांगा, की अमक्या तीन जणांना जमणार नाही आणि का जमणार नाही. कारण सांगितलं तर लोक समजून घेतात. कारण न सांगता काहींना दिलं की मात्र वर्षभर धुसफूस राहते.

लहान मुलं असलेल्या आयांचं वेगळं बघा. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा द्यावी लागते. तुम्ही ७० आहात, म्हणजे हे तुम्हाला लागू आहे. कर्वे रस्त्यावर असताना बहुतेकींनी घराजवळचं पाळणाघर धरलेलं असणार आणि कुणी विचारलंही नसेल. आता ते पाळणाघर सातला बंद होतं आणि ती पावणेआठला पोचते. नव्या ऑफिसजवळच्या एखाद्या पाळणाघराशी कंपनीने करार करणं हा नेहमीचा मार्ग आहे, पण लहान मूल वीस किलोमीटर रोज आणायचं का, हे त्या आईलाच ठरवू द्या. काहींना त्यापेक्षा पाचला सुटणं हवं असतं. तसंच महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षेची व घरी पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. माझं म्हणणं, नवीन भागात साडेआठलाच ही जबाबदारी घ्या. इमारतीबाहेरचा रस्ता त्या वेळी कसा असतो, हे एकदा स्वतः चालत जाऊन बघा.

प्रवासातलीच आणखी एक छोटी गोष्ट. पुण्याचे काही दिवस ठरलेले असतात, ते आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पालख्या शहरात येतात ते दिवस, गणपतीतले शेवटचे दिवस आणि विसर्जन हे सगळ्यांना माहीत आहे. पण नगर रस्त्याच्या ऑफिसांसाठी १ जानेवारी महत्त्वाचा. पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला राज्यभरातून लोक येतात आणि नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. कर्वे रस्त्यावर असताना तुम्हाला याची झळ लागत नव्हती, आता लागेल. त्या दिवसांना घरून काम आधीच जाहीर करा.

घरून कामाचं विचारलंत, तर माझं उत्तर हो आहे, पण त्याची पद्धत ठरवा. ‘ज्याला पाहिजे ते दोन दिवस’ असं दिलंत तर वीस किलोमीटर येणाऱ्या माणसाला ज्याच्याशी बोलायचं तो नेमका घरी असतो, आणि मग ‘आलोच कशाला’ असं होतं. एका टीमने एकच दिवस ठरवावा, म्हणजे बाकीच्या दिवशी सगळे भेटतात. आणि साहेबांना दोन दिवस, हाताखालच्यांना एक, असा भेद करू नका.

प्रवासानंतर शरीराचा त्रास. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, घशात खवखव या तक्रारी तुम्ही लिहिल्यात आणि मालक त्याला कुरकुर म्हणतात. नव्या ऑफिसात ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. प्लायवुड, एमडीएफ यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहतं, रंग आणि पॉलिशमधून इतर वायू. उष्मा आणि दमटपणा वाढला की हे आणखी सुटतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर हललेल्या ऑफिसात हा त्रास जास्त दिसतो. ताबा घेण्याआधी काही दिवस रिकाम्या जागेत बाहेरची हवा चालू ठेवायला हवी होती, पण घाईत ते राहून जातं. अजूनही करता येतं. शनिवार-रविवार कपाटांची दारं आणि ड्रॉवर सताड उघडे ठेवा, कारण आतल्या बाजूला आणि कडांना लॅमिनेट नसतं आणि तिथूनच जास्त सुटतं. एएचयूला, म्हणजे एसीची हवा खेळवणाऱ्या मोठ्या यंत्राला, ताज्या हवेची झडप असते, ती बऱ्याचदा वीज वाचवायला बंद केलेली असते. बिल्डिंगच्या माणसाला बरोबर घेऊन ती उघडी आहे का, हे डोळ्यांनी बघा. सकाळी ऑफिस भरण्याआधी दोन तास हवा चालू करा. रूम फ्रेशनर मात्र मारू देऊ नका, त्याने हवेत आणखी भर पडते.

मीटिंग रूममध्ये तासाभराने सगळ्यांना झोप येते अशी तक्रार असेल, तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आणा. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. १,००० च्या वर गेलं की ताजी हवा कमी पडतेय असं आम्ही धरतो. काचेच्या बंद खोलीत आठ माणसं तासभर बसली की आकडा कुठे जातो, हे मालकांना त्याच खोलीत बसवून दाखवा. आकडा समोर असला की वाद होत नाही.

एसीची तक्रार नेहमी दोन्ही बाजूंनी येते: कुणी गारठतं, कुणाला उकडतं, आणि दोघं एकाच हॉलमध्ये. त्याचं कारण छतात शोधा. बऱ्याच ठिकाणी असं होतं की हवेचे डिफ्युझर, म्हणजे छतातली एसीची हवा सोडणारी तोंडं, आधी बसतात, केबिनच्या भिंती नंतर उभ्या राहतात. मग हॉलचं तापमान ठरवणारा सेन्सर जातो एखाद्या केबिनच्या आत. ती केबिन बंद आणि गार, सेन्सर म्हणतो झालं काम, आणि बाहेर पश्चिमेच्या काचेपाशी बसलेली मुलगी दुपारी तीनला घामाघूम. दुसरीकडे डिफ्युझरच्या बरोबर खाली बसलेला माणूस स्वेटर घालून. सेन्सरची जागा बदलणं आणि प्रत्येक तोंडातून किती हवा येते हे मोजून बॅलन्सिंग करून घेणं, हे एसीच्या कंत्राटदाराचंच काम आहे. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी असेल तर तो त्याआधी देऊ नका. सेटिंग २४ ते २६ अंशांच्या मध्ये ठेवा. पश्चिमेच्या काचांना ब्लाइंड लागतीलच.

हे सगळं कळायला एक सोपी रीत मी नेहमी वापरते. तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीत, त्याच्या तक्रारीच्या वेळेला, वीस मिनिटं बसायचं. सकाळी दहाला जाऊन बघितलं तर दुपारी तीनची झगमग दिसत नाही. स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल तर टेबल असं फिरवा की खिडकी बाजूला येईल, पाठीशीही नको आणि समोरही नको. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. उंचीने लहान असलेल्यांचे पाय जमिनीला टेकतात का, हे बघा. नवी टेबलं सगळी एकाच उंचीची येतात आणि मग खुर्ची वर घ्यावी लागते. पायांखाली घ्यायचा फूटरेस्ट स्वस्त आहे, आणि कंबरदुखी त्यानेच कमी झालेली मी खूपदा बघितली आहे. उजेड टेबलावर ३०० ते ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मध्ये असावा. फोनमधल्या ॲपने अंदाज येतो.

आता तिसरी गोष्ट, जी कुणी तक्रार म्हणून सांगत नाही: कोण कुणाशेजारी बसत होतं. एका कंपनीत मी हे अगदी जवळून बघितलं. जुन्या जागेत अकाउंट्समधल्या बाई आणि परचेसचे एक गृहस्थ कमरेएवढ्या पार्टिशनच्या दोन बाजूंना बसायचे. बिल आणि चलनाचा मेळ बसला नाही की त्या पार्टिशनवरून कागद पुढे करायच्या, ‘अहो, हे बघा जरा’, ते पेनाने आकड्याला गोल करून परत द्यायचे. अर्ध्या मिनिटात काम. नव्या जागेत आराखडा डिपार्टमेंटप्रमाणे झाला, दोघं हॉलच्या दोन टोकांना गेले. मग त्याच गोष्टीची ईमेल सुरू झाली, ईमेलला उत्तर दुसऱ्या दिवशी, आणि सप्लायरची बिलं अडकू लागली. दोघांच्या साहेबांना वाटलं, नव्या ऑफिसात लोक ढिले पडलेत. त्या दोघांना परत शेजारी आणल्यावर बिलं सुटू लागली.

म्हणून जुन्या ऑफिसचा आराखडा काढा आणि लोकांना विचारा, ‘उठून न जाता कुणाशी बोलायचात?’ जिथे दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं आहे तिथे डिपार्टमेंटचा नियम बाजूला ठेवा. सगळी मांडणी बदलायची गरज पडत नाही, पाच-सहा जणांच्या जागा बदलल्या तरी फरक जाणवतो. जागा मोठी झाली की आणखी एक होतं: आवाज विखुरतो, शेजारच्याचं बोलणं तुटक तुटक कानावर येतं आणि लोक हेडफोन घालून बसतात. फोनवर सतत बोलणाऱ्या टीमला एका बाजूला न्या.

जेवणाचा वेळ पुरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. याचं गणित कागदावर मांडा. ७० पैकी ५० जण डबा आणत असतील, एक डबा गरम करून बाहेर काढायला अडीच मिनिटं धरली, तर एकूण १२५ मिनिटं. मायक्रोवेव्ह दोन असतील तर शेवटच्या माणसाचा डबा तासाभरानंतर गरम होतो, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. कर्वे रस्त्यावर हा प्रश्न नव्हता, कारण बरेच जण बाहेर खायचे नाहीतर घरीच जाऊन यायचे. खराडीत ते जमत नाही, सगळे एकाच वेळी पँट्रीत येतात. चार मायक्रोवेव्ह घ्या किंवा जेवणाच्या दोन पाळ्या करा, शक्यतो दोन्ही करा. पण घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारा. एकेक मायक्रोवेव्ह १,२०० ते १,४०० वॉट ओढतो, दोन मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एका सर्किटवर आली की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडलीच म्हणून समजा. प्रत्येकी दोनांना वेगळं सर्किट ओढून घ्या. चहा, पिण्याचं पाणी, बेसिनपाशी डबे धुवायला जागा, या गोष्टी छोट्या आहेत पण दिवसातून चार-पाच वेळा आड येतात, त्यामुळे लवकर सोडवा. बायकांच्या स्वच्छतागृहात कडी नीट लागते का, डस्टबिन आहे का, हे तुम्ही स्वतः बघा. याची तक्रार कुणी पुरुष साहेबापर्यंत नेणार नाही.

आणि एक वर्ग तुमच्या पत्रात आलाच नाही, त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ऑफिसबॉय, हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीचे काका. यांचा पगार सगळ्यांत कमी, आणि प्रवासाचा वाढलेला खर्च सगळ्यांत जास्त यांच्याच अंगावर येतो. मावशी जनता वसाहतीतून किंवा वारज्यातून यायच्या, चालत नाहीतर एका बसने. आता दोन बस, आणि सातच्या पाळीला साडेपाचला निघायचं. बऱ्याच कंपन्या एजन्सीला सांगतात, ‘तिकडची नवीन माणसं द्या’, आणि जुनी माणसं एका फोनवर सुटतात. कागदोपत्री ती कंपनीची नसतातच. पण बारा वर्षं तुमच्या लोकांना कुणाला बिनसाखरेचा चहा लागतो, हे ज्यांना पाठ आहे ती माणसं गेली तर ऑफिस परकं वाटायला तेवढंही पुरतं. त्यांना शटलमध्ये बसू द्या. पाळी आठची करा. प्रवासाचा भत्ता एजन्सीच्या बिलात वेगळा दाखवून त्यांच्या हातात पडतो का, ते बघा. आणि ज्यांना जमणारच नाही त्यांना एजन्सीने कोथरूडकडेच दुसरी जागा द्यावी, असा आग्रह तुम्ही धरू शकता. एजन्सीला तुमचं बिल हवं असतं, ती ऐकते.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सहा आठवडे झालेत म्हणून आठवण करते. जीएसटी नोंदणीतला पत्ता बदल झाल्यापासून १५ दिवसांत कळवायचा असतो, दुकाने व आस्थापना नोंदणीतला ३० दिवसांत. पीएफ, बँक, विमा यांचंही बघून घ्या. कर्मचाऱ्यांच्या गटविम्यात खराडीजवळची कोणती हॉस्पिटलं येतात, ती यादी नोटीस बोर्डावर लावा.

रिसॉर्टला आत्ता नेऊ नका. लोक आधीच प्रवासाने वैतागलेत, त्यात रविवारचा आणखी एक प्रवास आणि घरच्यांचा एक दिवस जाणार. तोच पैसा शटलला आणि पँट्रीला घाला. बऱ्याच कंपन्या नव्या जागेत सत्यनारायण घालतात, कुणी नुसतं जेवण ठेवतं. काहीही करा, पण शनिवारी करा आणि घरच्यांना बोलवा. सासूबाई, नवरा, मुलं एकदा येऊन ती जागा आणि तो रस्ता बघून गेली की घरात होणारं बोलणं बदलतं. ‘एवढा उशीर का’ याचं उत्तर त्यांनी स्वतः अनुभवलेलं असतं. फक्त हे शटल सुरू झाल्यावर आणि हवा ठीक झाल्यावर करा, आधी केलंत तर जेवायला आलेले पाहुणे तक्रारी ऐकून जातील.

मालकांशी बोलताना ‘लोक नाराज आहेत’ असं म्हणू नका, त्यांना ते आरोपासारखं वाटतं. त्यांनी मनापासून खर्च केलाय, तेही मान्य करा. मग यादी पुढे ठेवा: इतक्या जणांचा प्रवास दिवसाला दोन तासांहून जास्त वाढला, इतके जण रामवाडीपासून शटल मिळाली तर मेट्रोने येतील, शटलचं महिन्याचं कोटेशन हे, आणि राजीनामा दिलेल्या दोघांच्या जागी माणसं शोधून शिकवायला जाणारा खर्च हा. तीनच निर्णय मागा: शटल, वेळांची सवलत आणि एसीचं बॅलन्सिंग. बाकीचं तुमच्या पातळीवर होतं, त्याला त्यांची परवानगी कशाला. आणि निर्णय झाला की तो मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगावा. ॲडमिनकडून आलेल्या ईमेलचा तसा उपयोग होत नाही.

किती दिवसांत निवळेल? हवा आणि वासाचा त्रास, नीट लक्ष दिलं तर काही आठवड्यांत कमी होतो. जागा बदलून दिल्यावर कामातली अडचण पंधरा-वीस दिवसांत सुटू लागते. प्रवासाचं तसं नाही. शटल सुरू होऊन लोकांना तिचा भरवसा वाटेपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि एक पावसाळा काढल्याशिवाय खरं कळत नाही. मी एका खुणेवर लक्ष ठेवते: लोक आपलं सामान ऑफिसात ठेवू लागले का? छत्री, चपला, लोणच्याची बरणी, देवाचा छोटा फोटो. टेबलं सहा आठवड्यांनंतरही हॉटेलातल्या खोलीसारखी कोरी असतील तर माणसं अजून दुसरीकडे नोकरी बघत आहेत.

राजीनामा दिलेल्या दोघांशी शांतपणे बोला. थांबवायचा आग्रह करू नका, आधी त्यांची घर-ते-घर वेळ विचारा. वेळांच्या सवलतीने किंवा टीमच्या ठरलेल्या दिवशी घरून काम दिल्याने प्रश्न सुटत असेल तर ते थांबतील. काहींचं मात्र खरंच जमणार नाही. घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाची स्वतःची पाठ गेलेली असते. त्यांना हिशेब आणि अनुभवपत्र वेळेत द्या, आणि कोथरूड-एरंडवण्याकडे ओळखीची कंपनी असेल तर तिथे शब्द टाका.

यादी झाली की सिंहगड रस्त्याकडचे, कोथरूडकडचे आणि पिंपरीकडचे किती जण निघतात, आणि त्यांतले किती सहानंतर सुटतात, एवढं कळवा. तुमच्या ऑफिसच्या वेळा धरून शटलच्या फेऱ्या कशा लावायच्या, ते मी मांडून देते.